चांद्याला दिलेलं आवतण

वेरिबी, २६ जुलै २०२०

गुरू,

बहिणीने फोन सोडून कागद का धरला, असं तुला वाटेल. गेल्या तीन फोनांत मी वाक्य सुरू केलं की तू ते संपवलंस, आणि तू सुरू केलंस की मी फोन ठेवला. कागदावर निदान दोघांचंही बोलणं पुरं होतं. शिवाय पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाणं लॉकडाऊनमध्ये व्यायामात धरतात.

काम असं की इथल्या मराठी मंडळाची सचिव म्हणून मी यंदा नुसती झूमच्या लिंका पाठवतेय. मंगळागौर ऑनलाइन, गणपती ऑनलाइन. त्यात मंडळातल्या आमच्या शंतनूच्या सासूबाई, चित्रलेखाबाई. नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मार्चमध्ये नातवंडं बघायला आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. त्यांनी परवा टूम काढली की मुलांना पोळा दाखवू. मातीचे बैल नकोत, खरे पाहिजेत. "विनीता, तुमच्या भावाची शेती आहे ना?" सगळे चौकोन माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणून बसले.

१८ ऑगस्टला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी. फोन एखाद्या खांबाला बांध, दोन-चार बैल धुवून पुसून उभे कर, बाकी आम्ही इकडून करतो. बाबा आपल्या हौश्या बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळायचे तेव्हा तू मध्ये मध्ये लुडबुडायचास, म्हणजे तुला येतंच.

नाही म्हणू नकोस.

ताई


कॅम्परडाउन, १ ऑगस्ट २०२०

ताई,

बैल धुवून उभे करायला माझ्याकडे बैल कुठायत? बारा गोऱ्हे आहेत, खच्ची केलेले, दोन-दोन वर्षांचे. जू म्हणजे काय ते त्यांच्या बापानेही पाहिलेलं नाही. ज्या खांद्यावर जू आलं नाही तो मळायचा म्हणजे न केलेल्या कामाचा सत्कार. पण सत्कार तसेच होतात, मंडळाला सवय असेल.

तुला माझा धंदा ठाऊक आहे, तरी एकदा लिहितो. हा दूधवाल्यांचा मुलूख. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. गोऱ्ह्याला दूध नाही, म्हणून त्याला आठवडाभराचा असतानाच ट्रकमध्ये घालतात. मी त्या ट्रकच्या आधी पोचतो. शेजारच्या गोठ्यातून उचलून आणतो, बाटलीने वाढवतो, दोन वर्षं मोकळ्या रानात चारतो. मग ट्रक येतो. तो चुकत नाही. उशिरा येतो, एवढंच माझं कर्तृत्व.

यांची तारीख याच महिन्यात होती. पण मीटवर्क्समध्ये, म्हणजे इथल्या कत्तलखान्यात, कोविड शिरलाय, तिथली अर्धी माणसं घरी बसलीत, तारीख पुढे गेली. म्हणून तुझ्या पोळ्याला हे हजर असतील. नाहीतर मोकळं रान धुवून पुसून दाखवलं असतं.

पोळा करू. मलाही हौस आहे, या परदेशात सतरा वर्षांत कुणी मला "बैलांना सजव" म्हणालं नाही. अट एकच. हे गोऱ्हे कुठे जायचेत ते मंडळाला आधी सांग. चार वर्षं मीटवर्क्समध्ये हाडापासून मांस सोडवून मी ही जमीन घेतली. त्याची मला लाज नाही, आणि माझ्यातर्फे दुसऱ्या कुणी ती वाटून घ्यावी अशी गरज नाही.

गुरू


वेरिबी, ९ ऑगस्ट २०२०

गुरू,

ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं. तू काळजी करू नकोस.

इथे आता रात्री कर्फ्यू आहे. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घरातल्या एकानेच किराणा आणायचा. तू पाठवलेला फोटो मी ग्रुपवर टाकला आणि मुलांना वेडच लागलं. सगळे काळे कुळकुळीत आणि एकाच्याच कपाळावर पांढरा ठिपका! चित्रलेखाबाईंनी त्याचं नाव चांद्या ठेवलं. चित्रकला स्पर्धेला मुलं चांद्याच काढतायत. एकाने त्याला मास्क घातलाय.

कुणी विचारलंच काय काम करतात, तर "गवत खातात" म्हण. खोटं नाही ना ते?

ताई


कॅम्परडाउन, २० ऑगस्ट २०२०

ताई,

पोळा झाला, चांगला झाला. खरं सांगतो, मला वाटलं होतं त्यापेक्षा फार चांगला झाला.

खांदेमळणीला चांद्याला लोखंडी चौकटीत उभा केला. एरवी तिथे आम्ही त्याच्या कानाला बिल्ला मारतो आणि औषध पाजतो, त्यामुळे तो हात आखडूनच होता. त्याला हात नाहीत हे मला कळतं. मग मी हळद-लोणी चोळायला लागलो. हळूहळू त्याने मान खाली टाकली आणि डोळे मिटले. दोन वर्षांत मी त्याला काही टोचल्या-पाजल्याशिवाय हात लावला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बाबांच्याच सुरात. फोनमधून तुमचे पन्नास चौकोन टाळ्या वाजवत होते, पण तुझा चौकोन काळा झालेला मी पाहिला. कॅमेरा का बंद केलास ते विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. मी केलेली, म्हणजे कशी ते विचारू नकोस. चांद्याने हुंगली आणि थेट ताटच उलटं केलं. चित्रलेखाबाई म्हणाल्या, "चाललं, चाललं, प्रसाद पोचला." बाईंचा आवाज मुख्याध्यापिकेचाच, मीही नकळत ताठ उभा राहिलो.

मग त्यांनी विचारलं, "गुरुदत्तराव, हे काय काम करतात?"

मी तुझ्या शब्दाला जागलो. म्हणालो, "गवत खातात."

सगळे हसले. तेवढ्यावर भागलं होतं. पण बाई शिक्षिका. चित्राखाली मुलांना लिहायला लावायचं होतं. म्हणाल्या, "जात कोणती म्हणायची?"

आता जात विचारल्यावर काय सांगू? म्हणालो, "आई फ्रिझियन, बाप अँगस."

ताई, माझे कान तुला ठाऊक आहेत. मांस सोडवायच्या बोनिंग रूममध्ये पट्टा धडधडत असायचा आणि मला चार माणसांपलीकडचा फोरमन कुजबुजलेला ऐकू यायचा. अँगस, इथे दुकानात मांसावर छापलेलं नाव, म्हटल्याबरोबर कुणाच्या तरी चालू राहिलेल्या माइकमधून एक मुलगा म्हणाला, "डॅड, लाइक द बर्गर?" आणि बापाने इतक्या घाईने माइक बंद केला की त्याचा कप पडलेला मला ऐकू आला. कुणाचं घर ते मला कळलं. सांगणार नाही. पण तो मुलगा त्या पडद्यावरचा सगळ्यात हुशार माणूस होता.

नंतरची आरती जरा पटपट झाली, नाही? तेव्हाच मला कळलं की तू कुणालाही काही सांगितलेलं नव्हतंस.

मीटवर्क्सला आता सरकारने एक तृतीयांश माणसं कमी करायला लावलीत. नवी तारीख सप्टेंबरअखेरची मिळाली.

गुरू


वेरिबी, २७ ऑगस्ट २०२०

गुरू,

गणपती बसले, आणि गणपतीपेक्षा जास्त चर्चा तुझी आहे.

ग्रुपवर एवढे मेसेज की तुझ्या भाऊजींनी, नरेंद्रने, माझा फोनच फ्रिजवर ठेवला. "आपल्याकडून पाप घडवलं." "मुलांना काय सांगायचं?" एकजण तर म्हणाला की विनीताताईंनी मंडळाची फसवणूक केली. मीटिंग झाली. ठराव असा: पूजा केलेलं जनावर कापलं जाऊ नये, आणि तसं लेखी आणून देणं सचिवांना जमणार नसेल तर सचिव बदलावा.

चित्रलेखाबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "विनीता, ज्याला जेवायचं आवतण दिलं, त्याला असं करतात का गं?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे?

मी बारांचं म्हणत नाही. एक चांद्या. एका जनावराने तुझं काय जाणार आहे?

आणि हो, नाही सांगितलं मी. लॉकडाऊनमध्ये मुलं कशाला तरी हसत होती, ते मला मोडायचं नव्हतं. आता बोल काय बोलायचंय ते.

ताई


कॅम्परडाउन, ६ सप्टेंबर २०२०

ताई,

उत्तर आहे. बाईंना सांग, मी जेवायला बोलावलं होतं, राहायला नाही.

हे चिडून लिहिलं. खोडत नाही, कारण अगदीच चूक नाही. पण आता नीट लिहितो.

मंडळ म्हणतं पाप घडलं. कुणाकडून? श्रीखंड-पुरीचा बेत होतो तुमच्याकडे, पेढे वाटता, चहा तर उठल्याबसल्या. त्या दुधापायी व्यालेल्या गाईचा गोऱ्हा कुठे जातो ते एकाने तरी विचारलंय का? चांद्या म्हणजे तुमच्या श्रीखंडाचं उरलेलं माप आहे. फेकायला काढलेला मी उचलला. थंडीत त्याला माझ्या घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत ठेवून बाटली पाजली. ज्यांनी कधी त्याच्या तोंडात बाटली धरली नाही ते मला दया शिकवतायत.

बरं, चांद्या ठेवला समज. पंधरा-सोळा वर्षं जगेल, आठशे किलोचा होईल. मला म्हाताऱ्या जनावरांचा तिटकारा नाही. पण त्याचे अकरा भाऊ गेले की तो एकटा कुंपणापाशी उभा राहून हंबरणार, कारण जनावराला कळप लागतो, ठराव नाही. सोबतीला दुसरा ठेवला की ते दोघे जेवढं गवत खातील तेवढ्यात पुढच्या वर्षीचे चार गोऱ्हे बसतात. म्हणजे ते चार आठवडाभराचे असतानाच पहिल्या ट्रकमध्ये. त्यांना कुणी बघितलं नाही, त्यांच्या कपाळावर चांद नाही, म्हणून त्यांचं पाप नाही?

तुम्ही कपाळ बघून निवडलात. दिसायला बरा त्याला जीवदान. ताई, ही पूजा नव्हे, हे स्थळ बघणं झालं.

तरी तुझं म्हणणं मोडत नाही. चांद्या नव्हे, पण एक ठेवतो. कोणता ते तू सांग. फोटोवरून नाही. रस्ते उघडले की इथे ये, बारांच्या मध्ये उभी राहा आणि बोट दाखव. आणि ज्यांच्याकडे बोट दाखवलं नाहीस त्या अकरांकडे तितकाच वेळ बघ. एवढं जमलं तर मी मंडळाला लेखी देईन, वर अंगठाही उठवीन.

गुरू


वेरिबी, १९ सप्टेंबर २०२०

गुरू,

ये म्हणतोस, तुला माहीत आहे मला येता येत नाही. शहराभोवती पोलिसांचं कडं आहे, गाड्या थांबवून कागद बघतात. भाऊ बोट दाखवायला बोलावतोय, असं सांगू त्यांना?

तुझ्याशी वादात मी कधीच जिंकले नाही. तू मुद्दे मांडतोस आणि माझ्याकडे मुद्देच नसतात. एकच आहे. आपल्या बाबांनी हौश्याला शेवटपर्यंत सांभाळलं. जुवाखाली चालेनासा झाला तरी दारातून हलवला नाही. डॉक्टरकडे नेताना गेला, तर बांधावर जांभळीखाली पुरला. आपण पुण्याला येईपर्यंत दर पोळ्याला मी तिथे फुलं ठेवायचे, आई मागे उभी राहायची. बाबांकडे काय तुझ्यापेक्षा जास्त गवत होतं? तू त्यांचाच मुलगा ना?

कडं उठेपर्यंत तरी थांब. मी येते. बोट दाखवायला नाही, तुझ्याशी समोरासमोर भांडायला.

ताई


कॅम्परडाउन, १ ऑक्टोबर २०२०

ताई,

ठीक. मीटवर्क्सला नोव्हेंबर कळवलाय. तुझ्यासाठी थांबलो असं समजू नकोस. इथे ऋतू उलटे, वसंत आलाय, गवत फुकट आहे, जनावर रोज किलोभर चढतंय. धंद्याचा हिशेब आहे.

हौश्याबद्दल पुन्हा कधी लिहू नकोस.

गुरू


कॅम्परडाउन, २६ ऑक्टोबर २०२०

ताई,

चांद्या गेला. ट्रकने नव्हे.

इथे वसंतात क्लोव्हर उगवतं, आपल्या लसूणघासासारखं. पावसावर ऊन पडलं की असं रसरसतं की जनावर हावऱ्यासारखं खात सुटतं. पोटात फेस धरतो, वारा बाहेर पडत नाही, डावी कूस ढोलासारखी टरारते. वेळेत दिसलं तर तेल पाजायचं, तेवढाही वेळ नसेल तर कुशीत सुरी खुपसून वारा मोकळा करायचा. मी सकाळी पोचलो तेव्हा दोन्ही वेळा टळून गेल्या होत्या. तो आडवा पडला होता, पाय ताठ, जीभ मातीत. खुरांनी भोवतालची जमीन उकरून काढली होती. त्या उकरलेल्या जमिनीवरून कळतं किती वेळ लागला ते. बाकीचे अकरा जरा पलीकडे चरत होते.

जुन्या रानातलं गवत बारांना सप्टेंबरपर्यंतच पुरणारं होतं, म्हणून त्यांना क्लोव्हरमध्ये सोडलं. मी लिहिलं होतं धंद्याचा हिशेब, ते खोटं. तुझ्यासाठीच थांबलो होतो. तुला दोष देत नाही. फाटक मी उघडलं.

आता मंडळाला कळव. त्यांना हायसं वाटेल. कापला नाही, आपोआप गेला, आवतणाचा मान राहिला, ठराव पाळला गेला. त्यांना एवढं मात्र वाचून दाखव. मीटवर्क्समध्ये चांगला हात असेल तर जनावराला कळायच्या आत संपतं. वाईट हातही मी बघितलेत. म्हणूनच माझ्या प्रत्येक ट्रकबरोबर मी जातो, त्यांना विजेची काठी लावू देत नाही, शेवटच्या फाटकापर्यंत त्यांना माझा आवाज ऐकू येईल असा उभा राहतो. ज्याला मी पाठवतो त्याच्याबरोबर कुणीतरी असतं. ज्याला तुम्ही सगळ्यांनी वाचवलं, त्याच्याबरोबर कुणी नव्हतं.

शेजारच्या केव्हिनने मशीन आणून खड्डा काढला. "नो वरीज, मेट, पण एका गोऱ्ह्यासाठी एवढा खोल?" म्हणाला. मी दोन पोती मीठ टाकलं. तो बघतच राहिला. आपल्याकडे बैलावर मीठ टाकतात हे त्याला कुठून कळणार?

आणि आता हौश्या. तू लिहिलंस म्हणून लिहितो. त्याला कुणी पुरलं नाही. डॉक्टरकडे नेतो म्हणून आम्ही अंधारात निघालो ते थेट आठवडी बाजारात. घेणारा कोण होता ते बाबांना माहीत होतं, मलाही दिसत होतं. त्याच्या टेम्पोत नुसती म्हातारी जनावरं होती. बाबांनी दावं हातात दिलं आणि पाठ फिरवली. मागे वळून बघितलं नाहीत. मला भजी घेऊन दिली आणि म्हणाले, "घरी सांगू जांभळीखाली पुरला. तुझ्या आईने त्याला आवतण दिलंय."

बाबा वाईट नव्हते. आपल्या गावातला प्रत्येक म्हातारा बैल त्याच वाटेने गेला, आणि पोळ्याला सगळ्यांनी पुढच्या बैलाचे पाय धुतले. मला त्या वाटेचा राग नाही. पाठ फिरवण्याचा आहे. मी फक्त तेवढंच करत नाही. यालाच तुमचं मंडळ पाप म्हणतं.

तुझी जांभूळ मी मोडली. पण माझ्याच्याने आता त्या फुलांची गोष्ट ऐकवेना.

गुरू


वेरिबी, ३ नोव्हेंबर २०२०

गुरू,

मला माहीत होतं.

बैल पुरायला केवढा खड्डा लागतो ते मला का ठाऊक नाही? मीही त्याच घरातली आहे. जांभळीखालचं गवत जसंच्या तसं होतं, मातीचं एक ढेकूळ इकडचं तिकडे नव्हतं. आणि मिठाचं पोतं कोपऱ्यात न फोडलेलं. आईलाही माहीत असणार, ते पोतं तिच्याच स्वयंपाकघरात होतं. मी फुलं आईसाठी ठेवायचे. ती मागे माझ्यासाठी उभी राहायची. हौश्यासाठी तिथे कुणीच नव्हतं.

तू घरी आलास आणि आठवडाभर जेवला नाहीस. मी तुला काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. मग पत्रात मीच ती जांभूळ तुझ्यावर उगारली. तू गप्प बसशील असं वाटलं होतं. आजवर बसलास, म्हणून.

मंडळाचं ऐक. मी चांद्याचं कळवलं. झूमवर दोन मिनिटं शांतता पाळली, दिवा लावला. एक गृहस्थ म्हणाले, "सुटला. भाग्यवान, नैसर्गिक मरण आलं. आपल्या पूजेचंच फळ." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच हायसं वाटलं त्यांना, गुरू. तू लिहिलंस तसंच.

मी माइक चालू केला आणि तुझं पत्र वाचलं. जीभ, माती, उकरलेली जमीन, सगळं. शंतनू म्हणाला, "ताई, मुलं बसलीत." मी म्हटलं, पूजेला बसली होती, आता हेही ऐकू देत. मग हौश्याचंही सांगितलं. नावासकट, गावासकट, माझ्या फुलांसकट. "मी सचिव म्हणून तुमच्यापासून लपवलं, त्याची माफी मागते. माझ्या भावाने काहीही लपवलेलं नाही, त्याच्यातर्फे कसलीही माफी मागत नाही," असं म्हणाले. आवाज चढा होता.

मग चित्रलेखाबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आमच्याकडे म्हातारा बैल द्यायच्या दिवशी मुलींना मामाकडे पाठवत. मला मामाकडे जायला फार आवडायचं." आणि त्यांनी कॅमेरा बंद केला. पोळ्याला मी केला होता तसाच.

तीन कुटुंबांनी ग्रुप सोडला. एकाने रात्री गुपचूप फोन करून विचारलं की तुमचा भाऊ घरपोच देतो का. मी फोन ठेवला. बर्गरवाला कोण होता ते मलाही आता कळलंय. सचिवपद मी सोडलेलं नाही, त्यांनी काढावं. दुसरं कुणी पुढे येत नाही, मिनिट्स लिहायची कुणाला हौस?

रविवारी रात्री कडं उठतंय म्हणतात. मी येतेय. बोट दाखवणार नाही. एकही ठेव म्हणणार नाही. अकराच्या अकरा पोळ्या मी करून आणते, तुझ्या पोळीने आपली अब्रू गेली तेवढी पुरे. आणि ट्रकबरोबर मला यायचंय. मामाकडे नाही जायचं आता.

ताई


कॅम्परडाउन, ९ नोव्हेंबर २०२०

ताई,

पत्र तीनदा वाचलं. त्यावर काही लिहीत नाही, समोर आलीस की बघू. तेव्हाही बहुतेक नाही बोलणार, आपल्या घरात ती रीत नाही.

ट्रक पुढच्या मंगळवारी सकाळी. तू सोमवारी दुपारच्या आत पोच. पोळ्या सोमवारीच भरवायच्या. ट्रकच्या आधी जनावराचं पोट हलकं ठेवतात, तेव्हा मंगळवारी त्यांच्यासमोर काही धरायचं नाही, कितीही वाटलं तरी. आवतण या वेळी द्यायचं नाही, ते एकदा दिलंय. नुसतं जेवायला घाल.

बंद बूट आण. चांदीचे पैंजण, बांगड्या घरी ठेव, किणकिणलं की बिचकतात. त्यांच्या मागे उभी राहू नकोस, समोरही नको. खांद्याच्या बाजूला, जिथून तू त्यांना दिसशील. हळू बोल, पण बोलत राहा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर रामरक्षा म्हण, मी तीच म्हणतो. मीटवर्क्सच्या पोरांना ती आता अर्धी पाठ आहे.

मीटवर्क्सला तुला आतल्या आवारात सोडणार नाहीत, तुझं नाव त्यांच्याकडे नाही. शेवटच्या फाटकापर्यंत मी असेन. पण इथलं फाटक, आमच्या रानातून ट्रककडे जाणारं, ते तू उघड. मी मागून त्यांना आणतो. ते तुझ्याकडे बघत तुझ्या अंगावरून जातील. जाऊ देत. मान वळवू नकोस.

कडी डाव्या हाताला आहे. जुनी आहे, अडकते. आधी वर उचलायची, मग ओढायची.

गुरू